पावसाआधी शेजाऱ्याचे परस आवरताना: जुन्या लाकडाची पारख आणि घरातला वापर

कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग लागतो आणि त्याआधीचा मे महिना घरोघर आवराआवरीत जातो. शाकारणी करणे, पन्हळ साफ करणे, सरपण आत घेणे, गडग्यावर चढलेली झुडपे तोडणे ही कामे धडधाकट माणसे असलेल्या घरांत होऊन जातात. मात्र ज्या घरात आता एकटी म्हातारी व्यक्ती राहते, किंवा ज्याचे मालक मुंबईहून फक्त गणपतीला आणि शिमग्याला येतात, त्या घराचे परस वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. मोडलेल्या गोठ्याचे वासे, उतरवलेल्या छपराच्या रिपा (कौलांखालच्या बारीक पट्ट्या), एखादी चौकट, दाराची झडपे, त्यावर झावळ्या आणि पालापाचोळा, असा तो ढीग दर पावसाळ्यात थोडा कुजतो आणि थोडा वाढतो. असे परस आवरून देणे हे शेजारधर्माचे काम आहे, आणि त्यातून निघणारे लाकूड पुष्कळदा आज बाजारात मिळणाऱ्या लाकडापेक्षा सरस असते. पुढे दिलेला क्रम रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे परस डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इतर ठिकाणी झाडे आणि दगड बदलतील, क्रम बदलायचे कारण नाही.

आधी बोलणे, मग कोयता

पडलेले लाकूड म्हणजे टाकलेले लाकूड, असे धरून चालू नये. ढिगाला हात लावण्यापूर्वी मालकासोबत एकदा परसात फेरी मारावी आणि प्रत्येक मोठा नग दाखवून विचारावे. “काकू, ह्यातलं काय ठेवायचंय?” एवढा साधा प्रश्न पुरतो, फक्त उत्तराची घाई करू नये. वरवर निरुपयोगी दिसणारा उंबरा जुन्या घराची आठवण म्हणून ठेवलेला असतो, आणि काही म्हातारी माणसे स्वतःच्या सरणासाठी लाकूड राखून ठेवतात पण तसे बोलून दाखवत नाहीत. “असू दे ते तिथंच,” असे उत्तर आले की पुन्हा विचारू नये. जे ठेवायचे त्यावर खडूने फुली करावी, जे सरपणात जायचे ते वेगळे सांगून घ्यावे, आणि तुम्हांला नेण्यासारखे वाटते त्याचा मोबदला घेणार का, हेही तेव्हाच विचारावे. फुकट दिले तरी त्या घरचे एखादे मोडके दार किंवा पाट दुरुस्त करून द्यावा.

घर बंद असेल आणि मालक बाहेरगावी असतील, तर ढिगाची छायाचित्रे फोनवर पाठवून लेखी होकार घ्यावा. कोकणातल्या बहुतेक जुन्या घरांचा सातबारा सामायिक असतो. एका भावाने “घेऊन जा” म्हटले आणि दुसऱ्याने गणपतीत येऊन जाब विचारला, असे प्रसंग गावोगाव घडतात. म्हणून निदान जे घराची देखरेख करतात त्यांच्या आणि आणखी एका हिस्सेदाराच्या कानावर गोष्ट घातलेली बरी.

उभ्या झाडाची बाब वेगळी आहे. राज्यात 1964 चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा लागू आहे. साग, खैर, ऐन, आंबा, फणस अशी झाडे खाजगी जमिनीत असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत. शेजारधर्माच्या कामात झुडपे काढणे आणि वाळलेल्या फांद्या उतरवणे एवढीच मर्यादा पाळावी. सागाचे किंवा शिसवीचे लाकूड जुने असले तरी ते टेम्पोत घालून दुसऱ्या गावी न्यायचे असल्यास आधी वनरक्षकाकडे चौकशी करावी, कारण लाकडाच्या वाहतुकीला वेगळे नियम आहेत आणि नाक्यावर “जुने आहे हो” हे उत्तर पुरत नाही.

ढिगात कोण राहते

गावाकडे सापाला ‘जनावर’ म्हणतात आणि लाकडाचा ढीग ही जनावराची आवडती जागा असते, कारण तिथे उंदीर, पाली आणि गारवा तिन्ही मिळतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरशांचे प्रमाण मोठे आहे. फुरसे लांबीला जेमतेम दीड-दोन फूट, रंगाने मातीसारखे, त्यामुळे पालापाचोळ्यात ते दिसत नाही. डिवचले की वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा खरखर आवाज करते. हा आवाज आला की काम थांबवून मागे सरावे. ते मुख्यतः संध्याकाळनंतर हिंडते. म्हणून काम सकाळी उजाडल्यावर सुरू करून अकराच्या आत संपवावे, आणि वळवाची सर पडून गेल्यावर लगेच ढिगाला हात घालू नये.

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड कापडाची पूर्ण विजार आणि चामड्याचे हातमोजे यांत तडजोड करू नये. ढिगात थेट हात घालायचा नाही. आधी लांब बांबूने ढीग हलवावा, पाचेक मिनिटे थांबावे, मग वरच्या नगापासून सुरुवात करावी. फळी उचलताना आपल्या बाजूची कड धरून वर केली तर तिच्याखालची पोकळी थेट आपल्या पायांकडे उघडते. त्याऐवजी लांब दांड्याच्या आकडीने फळीची पलीकडची कड उचलून ती आपल्याकडे कलती करावी, म्हणजे फळीच आपल्या आणि जनावराच्या मध्ये आडोसा होते आणि त्याला पलीकडे निसटायला वाट मिळते. साप दिसला तर मारू नये. तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि सर्पदंशाचे कितीतरी प्रसंग मारायला किंवा पकडायला गेल्यामुळेच ओढवतात. ओळखीच्या सर्पमित्राला बोलवावे.

दंश झालाच तर जागा चिरणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, कडे, पैंजण उतरवावे, दंश झालेला हात किंवा पाय लाकडी पट्टी बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि 108 वर फोन करून किंवा हाताशी असेल त्या गाडीने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते मिळते, ही चौकशी काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी करून ठेवावी. तांबड्या विंचवाचा दंशही कोकणात जिवावर बेततो. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचे महत्त्वाचे काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केले आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचावा लागतो. गंजलेल्या खिळ्यांमुळे धनुर्वाताची भीती असते. शेवटची लस कधी घेतली होती ते आठवत नसेल तर आधी घेऊन टाकावी.

परस मोकळे करणे

पहिल्या तासात लाकडाला हातही लावायचा नाही. प्रथम आत जाण्याची आणि झटकन बाहेर पडण्याची अशी एक वाट साफ करावी, मग ढिगाभोवती तीन-चार हात जागा मोकळी करावी. झावळ्या, नारळाची सोडणे आणि पालापाचोळा माडांच्या आळ्यांत पसरून टाकावा. तिथे तो ओल धरतो आणि कुजून खत होतो. करवंट्या, फुटके डबे, टायर उचलून कोरडे करावेत, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

गोळा करून काडी लावण्याचा मोह आवरावा. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये मनाई केली असून साध्या प्रसंगी 5,000 रुपये दंड ठरवला आहे. त्याहून मोठे कारण म्हणजे ढिगात रंगवलेले लाकूड असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांवर आणणारा नियम 2016 चा आहे. त्याआधीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि लाल, शिसे भरपूर असू शकते. अशी रंगीत झडपे बंबात किंवा चुलीतही घालू नयेत.

गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू नयेत, कापू नयेत, झाडूने कोरडे झाडू नयेत. पाणी मारून ओले करावेत आणि अख्खेच उचलून बाजूला ठेवावेत. एखाद्याचा तुकडा पडलाच, तर तो ओल्या फडक्याने उचलून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा.

लाकूड तिथेच पारखावे

या सगळ्या कामातला माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा हा आहे: लाकडाची निवड शेजाऱ्याच्या परसातच करावी, आपल्या घरी आणून नव्हे. “नंतर बघू” म्हणून आणलेला ढीग आपल्या परसात तसाच पडतो, आणि त्यासोबत वाळवी आणि लाकूड पोखरणारा भुंगाही घरात येतो.

बाहेरून करडे पडलेले लाकूड पाहून निराश होऊ नये. ऊन-पावसाने आलेला करडेपणा बहुधा वरवरचाच, फार तर सूतभर खोल असतो (सुतारी हिशेबात आठ सूत म्हणजे एक इंच). कोयत्याने कोपऱ्यावर लहानसा छिलका काढून आतला रंग पाहावा आणि वास घ्यावा. सागाचा छिलका सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट आणि चामड्यासारख्या वासाचा असतो. फणस पिवळा निघतो आणि उघडा पडल्यावर हळूहळू काळपट तपकिरी होतो. ऐन उचलतानाच वजनाने कळतो. तो गडद असतो, टिकतो, पण उन्हात तडकतो आणि रंध्याला दाद देत नाही. आंब्याची फळी फिकट आणि हलकी असते, तिला भुंगा लवकर लागतो, त्यामुळे पॅकिंगच्या खोक्यांपलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा करू नये. साग म्हटला की वाळवी लागत नाही हा समज अर्धाच खरा आहे. गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण सालीलगतचा पांढरट भाग ती आवडीने खाते. म्हणून ज्या वाशाची एक कड पोखरली आहे पण गाभा खणखणीत आहे, तो फेकू नये, कड रंधून काढावी.

पुढची परीक्षा टोच्याची. पटाशीचे टोक किंवा जाड खिळा दर वीतभर अंतरावर दाबून पाहावा. चांगल्या लाकडात तो सूतभरही जात नाही आणि ओढताना लांब चोई निघते. कुजलेल्या लाकडात तो सहज रुततो आणि चौकोनी भुगा निघतो. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर ठणठण आवाज आला तर आत भरीव आहे, बद आवाज आला तर पोकळी आहे. वाशांची आणि तुळयांची जी टोके चिऱ्याच्या भिंतीत होती ती प्रथम कुजतात, कारण भिंतीतली ओल तिथे मुरते. दोन्ही टोकांचे फूट-दीड फूट सोडून दिले तर मधला भाग पुष्कळदा नव्यासारखा निघतो. बारीक टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर भुंगा जिवंत आहे का हे पाहावे: भोके फडक्याने पुसून तो नग काळ्या प्लॅस्टिकवर दोन-तीन दिवस ठेवावा. पुन्हा ताजे पीठ पडले तर तो सरपणात घालावा.

रेल्वेचे जुने स्लीपर आणि डांबरी वासाचे खांब घरात आणू नयेत. त्यांत मुरवलेले क्रिओसोट हे डांबरी तेल अंगाला आणि श्वासाला वाईट. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाची खूण असते. तिच्याजवळ इंग्रजीत ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे आणि वापरायला हरकत नाही. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्यावे.

किती मिळाले याचा हिशेब घनफुटांत करावा: इंचांतील रुंदी गुणिले इंचांतील जाडी गुणिले फुटांतील लांबी, भागिले 144. चार बाय तीन इंचांचा दहा फुटी वासा म्हणजे 120 भागिले 144, साधारण 0.83 घनफूट. मोबदला द्यायचा झाल्यास वखारीतला जुन्या लाकडाचा दर विचारून हाच हिशेब मालकासमोर मांडावा, म्हणजे कोणाच्याच मनात काही राहत नाही.

खिळे, धूळ, ओल

लाकूड नेण्यापूर्वी खिळे तिथेच काढावेत. आरपार आलेल्या खिळ्याचे वळलेले टोक आधी सरळ करावे, टोकाकडून ठोकून डोके वर आणावे आणि जंबुराने (खिळे उपटायच्या पकडीने) धरून ओढावे. जंबुराखाली फळीचा तुकडा ठेवला तर चांगल्या लाकडावर खड्डा पडत नाही. गंजून बसलेला खिळा सरळ ओढला तर डोके तुटून येते. तो आधी जंबुरात धरून थोडा फिरवावा, कर्रकन आवाज होऊन सुटला की मग ओढावा. तरीही तुटलाच तर भोवती खडूने वर्तुळ करून ठेवावे. शेवटी स्पीकरमधले जुने लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या पृष्ठभागावरून फिरवावे, कारण राहिलेला एकच खिळा रंध्याचे पाते घालवतो. लाकूड कापण्याच्या गिरणीत जुना माल घ्यायला खळखळ करतात ती याच भीतीने. खिळे काढल्याची खात्री दाखवली तर बहुधा कापून देतात.

माती आणि वाळू तारेच्या ब्रशने काढून लाकूड पाण्याने धुवावे. जुना रंग कोरडा घासू नये, ओल्या पॉलिश पेपरने घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. निघालेला रंगाचा चोथा आळ्यांत टाकायचा नाही.

मग रास. जमिनीपासून वीतभर उंचीवर तीन-चार चिरे समतल मांडावेत, त्यांवर लाकूड ठेवावे आणि दर दोन थरांमध्ये दोन-दोन फुटांवर रिपेचे सारख्या जाडीचे तुकडे घालावेत. हे तुकडे वरखाली एका ओळीतच यायला हवेत, नाहीतर फळ्या बाक धरतात. रास पडवीत किंवा सावलीत करावी. भर उन्हात ठेवलेल्या फळ्यांची टोके चिरतात. वरवर भिजलेल्या जुन्या लाकडाला तीन-चार आठवडे पुरतात. याच काळात बोरिक अॅसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग, मिळून पाण्यात सुमारे पाच टक्के, असे द्रावण दोन हात देऊन वाळवल्यास भुंग्यापासून संरक्षण मिळते. ते पाण्याने धुऊन जाते, म्हणून छपराखाली राहणाऱ्या वस्तूंनाच उपयोगी, आणि पोटात जाण्याची शक्यता असलेल्या पोळपाट-लाटण्यासारख्या वस्तूंना मुळीच लावू नये.

ओटीवरचा बाक

पहिल्या प्रयत्नाला बाक निवडावा, कारण त्यात चूक झाकता येते आणि वस्तू रोज वापरात राहते. उंची 17 इंच, लांबी 4 फूट, रुंदी 14 इंच. चार बाय तीनच्या एका सहा फुटी धडक्या वाशातून 16 इंचांचे चारही पाय निघतात. बैठकीला जुन्या झडपांच्या इंचभर जाडीच्या फळ्या घ्याव्यात. पाय असे ठेवावेत की त्यांची चार इंची बाजू बाकाच्या लांबीला येईल. लांबीला दोन्हीकडे चार-चार इंच बैठक बाहेर सोडली, तर पायांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर 40 इंच आणि आतले 32 इंच भरते. दोन्ही टोकांना दीड-दीड इंचाची कूस (पायातल्या खाचेत शिरणारे तासलेले टोक) धरून पायांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या 35 इंचांच्या कापाव्यात. रुंदीला एकेक इंच बाहेर सोडल्यास आतले अंतर 6 इंच आणि आखूड पट्ट्या 9 इंचांच्या होतात. पट्ट्या तीन इंच रुंद असाव्यात. लांब पट्ट्या पायांच्या माथ्याशी आणि आखूड पट्ट्या त्यांच्या तीन इंच खाली बसवाव्यात, म्हणजे खाचा आत एकमेकींना भिडत नाहीत.

कुसाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश, म्हणजे इंची पट्टीला जवळपास तीन सूत. खाच आधी पोखरावी आणि कूस नंतर तिच्या मापाने तासावी. उलट केले तर ढिली खाच भरून काढता येत नाही. कूस हाताच्या दाबाने अर्धी आणि लाकडी हातोड्याच्या दोन-तीन ठोक्यांत पूर्ण बसली की माप जमले. सरसकट सगळे जोडण्याआधी कोरडी जुळणी करून काटकोन पाहायला गुण्या लावावा. दोन कर्ण मोजावेत. ते सारखे आले नाहीत तर एक पाय तिरका आहे.

बैठकीच्या फळ्यांमध्ये दोन सूत फट ठेवावी. कोकणातल्या पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, आणि घट्ट जोडलेली बैठक जुलैत वर उचलली जाते. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. साध्या लोखंडाने सागावर आणि ऐनावर काळे डाग उतरतात. आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू आवळावा, जुने लाकूड कोरडे असते आणि चटकन चिरते.

शेवटी जवसाचे तेल. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले फडक्याने पुसून काढावे, पूर्ण वाळेपर्यंत काही दिवस थांबावे आणि असे तीन हात द्यावेत. पायांच्या तळाला मात्र तेल पिणे थांबेपर्यंत पुन्हापुन्हा लावावे, कारण ओल तिथूनच वर चढते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना गरम होते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवून मग उघडी पसरून वाळवावीत.

उरलेल्या आखूड तुकड्यांच्या खुंट्या, कुंड्यांखालचे पाट आणि पाचरी होतात. पाचरी जपून ठेवाव्यात, कारण पहिला पावसाळा संपून नवरात्राच्या सुमारास हवा कोरडी झाली की एखादा सांधा किंचित ढिला पडतो, आणि त्याच लाकडाची बारीक पाचर ठोकल्यावर तो पुन्हा घट्ट बसतो.